आढाव पंचांनी दिलेली खबर

अंबरनाथच्या मंडळीत पंच तिघं होते, पण नुसतं 'पंच' म्हटलं की हरिचंद्र आढावच समजायचे. मंडळी तरी केवढी, पंधरा-सोळा ख्रिस्ती घरं. लढाईच्या दिवसांत नगर जिल्ह्यातून कारखान्यांच्या कामाला आलेली आणि मग इथंच रुळलेली. चर्चची इमारत नव्हती. अंबरनाथ पूर्वेला एका शाळेचा वर्ग रविवारी सकाळी उघडून मिळायचा, तिथं बाकं वळवून उपासना व्हायची. पाळकसाहेब, रेव्हरंड भिंगारदिवे, कल्याणहून महिन्यातून एकदा येत आणि प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर आणि द्राक्षरस, देत. बाकीचे रविवार हरिचंद्र सांभाळायचे. कारखान्यात फिटर असलेला हा उंच, कोरडा माणूस शास्त्र वाचायला उभा राहिला की मागच्या बाकावरची कुजबुजसुद्धा थांबायची.

दारूचं नाव काढलं की मात्र त्यांचा आवाज बदलायचा. त्यांचा बाप दारूनं गेला होता. बाजाराच्या दिवशी ओढ्यात पालथा पडलेला बाप नऊ वर्षांच्या हरिचंद्रानं स्वतः ओळखला होता. म्हणून मुंबई राज्यात दारूबंदी आली त्या रविवारी त्यांनी उभं राहून बापाचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. बायका अजून ते सांगायच्या.

ही गोष्ट त्यानंतर दोन वर्षांनी घडली.

दुसरे एक पंच होते बुधाजी गायकवाड. त्यांचा मुलगा बाळ बावीस वर्षांचा, हरिचंद्रांच्याच खात्यात कामाला. रविवारी पेटी तोच वाजवायचा. एका शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर बाळचा हात प्रेसखाली आला. मशिन थांबवून हरिचंद्रांनी त्याला उचलून दवाखान्यात नेलं. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. डॉक्टर पट्टी बांधत असताना हरिचंद्र त्याचं डोकं धरून बसले होते, आणि तेवढ्यात त्यांच्या नाकाला तो वास आला.

"कुठं घेतलीस?" त्यांनी विचारलं.

बाळ रडत होता. "काल मित्रांनी बाटली भरून आणली होती. आज डब्याबरोबर घेतली. थोडीच घेतली होती, मामा."

"कुठनं आणली?"

"कात्रपच्या तिथनं. तुळशीवहिनीकडनं."

तुळशी साळवे मंडळीचीच. तिचा नवरा रघु हरिचंद्रांच्या हाताखाली काम करायचा. दीड वर्षापूर्वी काविळीनं तो गेला. बदलापूरजवळ कात्रप गावाबाहेर, भातखाचरांच्या कडेला तिची झोपडी होती. घरात ती आणि तिची आंधळी सासू गोदूबाई, एवढीच माणसं. तुळशी उपासनेला क्वचित यायची. लांब पडतं, असं सगळे समजत होते.

दवाखान्यातून हरिचंद्र बाहेर पडले ते सरळ पोलीस चौकीवर गेले. सदऱ्यावर बाळच्या रक्ताचे डाग होते. त्यांनी नाव सांगितलं, झोपडी कुठं आहे ते सांगितलं. जमादारानं लिहून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं नाव कुठं येणार नाही, काळजी करू नका." हरिचंद्रांना ते ऐकून बरं वाटलं. आपल्याला बरं का वाटलं, हे त्यांनी त्या वेळी स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी सकाळी धाड पडली. मडकी फोडली, गुळाचं आंबवण ओढ्यात ओतलं आणि तुळशीला गाडीत घालून नेलं. पुढच्या आठवड्यात खटला झाला. तिनं काहीच नाकारलं नाही. चार महिन्यांची शिक्षा झाली.

त्या रविवारी उपासनेनंतर पंच बसले. तुळशीचं नाव प्रभुभोजनातून कमी करायचं, आणि सुटून आल्यावर तिनं सगळ्यांसमोर उभं राहून पापकबुली दिल्याशिवाय तिला परत घ्यायचं नाही, असा ठराव बुधाजींनी मांडला. पोराच्या हाताचं दुःख त्यांच्या तोंडावर इतकं उघडं होतं की बाकीच्यांनी लगेच होकार दिला. ठराव झाला. उठताना हरिचंद्रांची बायको कुमुदिनी, जी रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायची आणि पंचांच्या बैठकीत कधी तोंड उघडत नसे, ती दारातून म्हणाली, "गोदूमावशीला जेवायला कोण घालतंय?"

 तुळशीला नेऊन तेरा दिवस झाले होते. कोणाच्या मनात आलंच नव्हतं.

"शेजारीपाजारी असतील की," बुधाजी म्हणाले. "मंडळी म्हणजे काय धर्मशाळा आहे?"

 कुमुदिनीनं घरी जाऊन भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि चपला घातल्या. हरिचंद्रही तिच्यामागून निघाले.

झोपडीत दाराशी गोदूबाई बसली होती. तिच्यासमोर एक बाई उकिडवी बसून पेज थंड करत होती. ती डोंगरातल्या वाडीवरची चंद्री. लाकडाची मोळी विकायला बदलापूरला यायची. तुळशीची आणि तिची ओळख बांधावरची.

"तुमी हिची मानसं का?" चंद्रीनं विचारलं.

"मंडळीची," कुमुदिनी म्हणाली.

"मग इतकं दिस व्हतात कुठं? म्हातारी दोन दिस उपाशी व्हती, मला ठावं नव्हतं. मोळी घेऊन आलं तवा कललं. आता रोज येतंय मी." ती रागानं बोलत नव्हती, पेज ढवळतच सांगत होती. "ज्यानं पोलिसाला सांगितलं ना, त्याचं वाटोलं व्हईल."

"शाप देऊ नकोस गं चंद्रे," गोदूबाई म्हणाली. "कोणाचं तरी काही जळलं असेल, म्हणून सांगितलं असेल."

हरिचंद्र दाराबाहेरच उभे होते. आत यायला त्यांना वाकावं लागलं असतं, पण तेवढंही त्यांच्यानं झालं नाही.

गोदूबाई यायला तयार नव्हती. सून सुटून आली आणि झोपडी बंद दिसली तर तिला काय वाटेल, एवढंच तिचं म्हणणं होतं. शेवटी चंद्रीनं सांगितलं की बाजाराच्या वाटेवरच झोपडी आहे, मी लक्ष ठेवीन, तुळशी दिसली की पहिली मीच सांगेन. तेव्हा कुठं म्हातारी उठली. चंद्रीनं उरलेली पेज तिला पाजली आणि मगच हात धरून हरिचंद्रांनी गावातून आणलेल्या बैलगाडीत बसवलं.

हरिचंद्रांच्या दोन खोल्यांच्या घरात गोदूबाईनं खिडकीखालची जागा धरली. फार त्रास नव्हता तिचा. चाचपडत तांदूळ निवडायची, कुमुदिनीशी गप्पा मारायची, जुनी भजनं हळू आवाजात म्हणायची. फक्त सकाळची तिची प्रार्थना मोठ्यानं असायची. आधी ती तुळशीसाठी मागायची, मग बाळच्या हातासाठी. नंतर म्हणायची, "आणि प्रभू, ज्या माणसानं खबर दिली त्याला शांती दे. त्याच्या घराला काही होऊ देऊ नकोस."

त्या घरात बसून रोज सकाळी हे ऐकायचं म्हणजे काय, ते हरिचंद्रांनाच ठाऊक. पहिले काही दिवस त्यांनी मनाला समजावलं. कायदा मोडला होता, पोराचा हात गेला होता, उद्या आणखी कोणाचा जीव गेला असता. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण भावाबहिणीचं चुकलेलं दिसलं तर आधी एकट्यानं त्यांच्याकडं जावं, समजवावं, हे त्यांनीच किती वेळा वर्गात उभं राहून सांगितलं होतं. अंबरनाथहून बदलापूर एक स्टेशन. ते गेले नव्हते. चौकी जवळ होती.

रविवारी वाचताना आता त्यांची जीभ अडखळू लागली.

एका सुट्टीच्या दुपारी कुमुदिनी भांडी घासत होती. ते तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. "तुला एक सांगायचंय," ते म्हणाले. "खबर मी दिली होती."

तिनं हातातलं पातेलं धुऊन पालथं घातलं. "मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. त्या दिवशी तुम्ही चौकीच्या रस्त्यानं घरी आलात. दवाखाना दुसऱ्या बाजूला आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कधी बोलताय त्याची वाट बघत होते," ती म्हणाली. मग हात पुसत पुढं म्हणाली, "मलाच सांगून भागणार नाही, अहो."

ते त्यांनाही कळत होतं, पण धीर होत नव्हता. त्याच आठवड्यात गोदूबाईनंच त्यांना हाक मारली. तुळशीला पत्र लिहायचं होतं. हरिचंद्र कागद-टाक घेऊन बसले आणि म्हातारी सांगू लागली. मी बरी आहे. पायाची सूज उतरली. कुमुदिनी मला अंघोळीला गरम पाणी देते. "आणि लिही, आढाव पंच म्हणजे देवमाणूस आहे. सख्ख्या मुलानं केलं नसतं इतकं—"

टाक थांबला. "लिहिलंस का?" तिनं विचारलं.

"नाही मावशी. हे मला लिहिता येणार नाही." आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. दवाखाना, वास, चौकी, जमादाराचं बोलणं, आणि ते ऐकून बरं वाटलं होतं तेही सांगितलं.

 गोदूबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडवत होती. मग म्हणाली, "हरिचंद्रा, माझे डोळे गेलेत, नाक गेलेलं नाही. पहिल्या दिवसापासून मला कळत होतं पोरगी काय शिजवते ते. मी तिला एकदाही म्हटलं नाही, बंद कर म्हणून. पोटाला मिळत होतं ना. तू एकदाच चौकीवर गेलास. मी वर्षभर गप्प बसले."

"तुमची गोष्ट वेगळी, मावशी."

"वेगळी कशी? देवापुढं तू पंच आणि मी म्हातारी, असं आहे का काही?" तिनं हात पुढं केला आणि चाचपत त्यांच्या हातातला कागद काढून घेतला. "हे पत्रात नको. जाऊन तोंडानं सांग तिला."

पुढच्या महिन्यात भेटीची परवानगी मिळाली. हरिचंद्र आणि कुमुदिनी ठाण्याच्या तुरुंगात गेले. जाळीपलीकडं तुळशी आली तेव्हा त्यांनी तिला पटकन ओळखलंच नाही, इतकी ती वाळली होती. "सलाम, दादा. सलाम, बाई," ती म्हणाली आणि पहिलाच प्रश्न तिनं विचारला, "बाळचा हात कसा आहे?"

"जखम भरली. बोटं दोन गेली," हरिचंद्र म्हणाले.

"तो पेटी वाजवायचा." ती खाली बघत राहिली. "मी त्याला ओळखलं नव्हतं, दादा. बाटली न्यायला दुसरीच पोरं आली होती. पण ते काही सांगण्यासारखं नाही. आपल्या हातची गेली ना त्याच्या पोटात."

मग हरिचंद्रांनी सांगितलं. वाटेत गाडीत त्यांनी वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "पोलिसांना मी सांगितलं, तुळशी. आधी तुझ्याकडं यायला हवं होतं. आलो नाही."

तुळशीनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती थकलेली दिसत होती. "तुम्हीच असाल असं एकदा वाटलं होतं," ती म्हणाली. "पण दादा, मी तुमच्याकडं आले होते."

"कधी?"

"रघु गेल्यावर दुसऱ्या महिन्यात. कारखान्यात झाडलोटीचं, कॅन्टीनचं काही काम लागेल का विचारायला. तुमच्या व्हरांड्यात आले होते. बाई बाजारात गेल्या होत्या. तुम्ही म्हणालात, आपण प्रार्थना करू. तुम्ही डोळे मिटून खूप चांगली प्रार्थना केलीत. मला रडू आलं. मग तुम्ही म्हणालात, देव मार्ग दाखवील. आणि कामावर जायला निघालात." ती थांबली. "मी पुढचे दोन रविवार उपासनेला आले. वाटलं, काही सांगाल. मग नाही आले."

हरिचंद्रांनी आठवून पाहिलं. त्यांना काही आठवेना. कोणाचं तरी दुःख ऐकून व्हरांड्यात केलेल्या अशा प्रार्थना वर्षाकाठी किती असतील. तिचा चेहरा, तो दिवस, तिनं विचारलेलं काम, सगळं त्यांच्या मनातून पुसून गेलं होतं. ती मात्र अजून तिथंच उभी होती.

"माफ करशील का, असं विचारायला आलो होतो," ते कसंबसं म्हणाले.

"आत्ता नाही म्हणता येणार मला, दादा. उगीच तोंडदेखलं कशाला म्हणू? आत्याला सांभाळा, एवढं करा."

शिपायानं वेळ झाल्याचं सांगितलं.

परतीच्या वाटेवर हरिचंद्र व्हरांड्यातला तो दिवस पुन्हा पुन्हा शोधत राहिले. आजवर पाप म्हणजे त्यांच्या लेखी केलेली गोष्ट होती. चोरी, भांडण, बाटली. ती दाखवता येते, तिच्यावर ठराव करता येतो. न केलेल्या गोष्टीकडं त्यांनी कधी पाप म्हणून पाहिलंच नव्हतं. आणि प्रार्थनेआड माणसाला टाळता येतं, तेही इतक्या चांगल्या शब्दांत, हे तर त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

तुळशी सुटायच्या आदल्या रविवारी पाळकसाहेब आले होते. उपासनेआधी हरिचंद्रांनी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. रेव्हरंड भिंगारदिवे म्हातारे, मऊ बोलणारे गृहस्थ. ते म्हणाले, "पंच, केलेल्याची कबुली द्यायला माझ्याकडं पुष्कळ येतात. न केलेल्याची द्यायला कोणी येत नाही. तुम्हाला उभं राहायचं असेल तर राहा. मी सांगितलं म्हणून नको."

हरिचंद्र उभे राहिले. वाचायला उभे राहायचे त्याच जागी, पण हातात काही नव्हतं. त्यांनी चौकीचं सांगितलं, व्हरांड्याचं सांगितलं. "सुटून आली की तुळशीनं इथं उभं राहावं असा आपला ठराव आहे," ते शेवटी म्हणाले. "तिची चूक कोर्टात सांगून झाली, शिक्षा भोगून झाली. आपली कुठंच सांगून झालेली नाही. रघुला मूठमाती द्यायला आपण सगळे गेलो होतो. त्यानंतर त्या घरात कोण गेलं?"

 काहींना हे आवडलं नाही, ते उघड दिसत होतं. बुधाजी उठले. "माझ्या पोराचा हात गेला, त्याचं काय? ते कोणाचं पाप?"

हरिचंद्रांच्या आधी बाळच बोलला. उजवा हात खिशात घालून तो पेटीशेजारच्या बाकावर बसला होता. "बाबा, तिनं मला बळंच नाही पाजली. डब्याबरोबर बाटली मीच नेली होती."

बुधाजी पोराकडं बघत खाली बसले. ठराव त्या दिवशी रद्द झाला नाही. पाळकसाहेबांनी तो विषय पुढं ढकलला, आणि नंतर कोणी काढलाच नाही. हरिचंद्रांनी मात्र पंचपद सोडलं.

खरं अवघड काम पुढंच होतं. तुळशी सुटून आली, सासूला घेऊन झोपडीत गेली, पण खायचं काय? हरिचंद्रांनी कॅन्टीनच्या मुकादमाला विचारलं. जेलमधून आलेली बाई म्हटल्यावर त्यानं मान हलवली. आणखी दोन ठिकाणी तेच झालं. तिची गोष्ट लपवून काम मागावं असं एकदा त्यांच्या मनात आलं, पण उद्या उघड झालं तर तिचंच नुकसान. मग ते पाळी सुटल्यावर रोज कल्याण कॅम्पात जाऊ लागले. त्याला दोन-तीन वर्षांपूर्वी उल्हासनगर नाव पडलं होतं, तरी लोकांच्या तोंडी कॅम्पच. लष्करी बराकींतून सिंधी निर्वासितांनी संसार मांडले होते आणि दारोदारी काही ना काही धंदा चालू होता. जिथं बायका काम करताना दिसतील तिथं हरिचंद्र थांबायचे आणि आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगून टाकायचे. आठ-दहा दारांवरून ते परत फिरले.

एका बराकीपुढं पाच-सहा बायका पापड लाटत होत्या. त्यांतल्या थोराड बाईनं, सतीबाईनं, सगळं ऐकून घेतलं. "पापड बेलना आता है?" तिनं विचारलं.

"सीख जाएगी."

"रोज आएगी?"

"आएगी."

"तो कल से भेजो," ती म्हणाली आणि परत लाटायला लागली.

तुळशी शिकली. पहिल्या आठवड्यात तिचे पापड वाकडे व्हायचे आणि सतीबाई ते बाजूला काढून घरी न्यायला द्यायची. दोन महिन्यांत ती इतरांच्या बरोबरीनं लाटू लागली. दिवसभर गोदूबाईजवळ कोणी तरी हवं होतं. कुमुदिनीनं मंडळीतल्या बायकांना विचारलं, आणि आठवड्याचे वार वाटून घेतले गेले. पहिल्यांदा दोघीच तयार झाल्या. तिसरी आली ती बाळची आई. ती बुधाजींना न सांगता यायची, मग सांगून यायला लागली. मोळी विकायच्या दिवशी चंद्री येतच होती. तिला कोणी वार नेमून दिला नव्हता.

तुळशी उपासनेला मात्र आली नाही. पाळकसाहेबांनी दोनदा निरोप पाठवला, तिनं "येईन" म्हणून सांगितलं. हरिचंद्रांनी तिला कधी विचारलं नाही. नाताळ झाला. मार्चमधल्या एका रविवारी गोदूबाईचा हात धरून ती दारात उभी राहिली. सगळ्यांची डोकी वळली. बायकांच्या बाकावर कुमुदिनी सरकली, तिच्या शेजारची सरकली, आणि दोघींपुरती जागा झाली. तुळशी भजनापर्यंत थांबली आणि प्रभुभोजनाआधी सासूला तिथंच बसवून बाहेर गेली. उपासना संपेपर्यंत ती शाळेच्या अंगणात कडुलिंबाखाली उभी होती.

हरिचंद्र बाहेर आले तेव्हा तीच बोलली. "दादा, झोपडीचं एका बाजूचं कूड पडायला झालंय. पावसाआधी बघायला हवं."

"शनिवारी रजा टाकून येतो," हरिचंद्र म्हणाले. "बांबू तिकडंच मिळतील का इथनं आणू?"

"चंद्रीला सांगते, ती वाडीवरनं आणवील. तुम्ही तार आणा."

शनिवारी ते तार घेऊन गेले. दोघांनी मिळून कूड बांधलं, चंद्रीनं सारवलं. दुपारी तुळशीनं त्यांना भाकरी आणि आमटी वाढली आणि ते जेवले. माफीचा शब्द त्या दिवशीही निघाला नाही, पुढंही कधी निघाला नाही, आणि हरिचंद्रांनी त्याची वाट बघणं हळूहळू सोडून दिलं. महिन्यातून एकदा तरी ते कात्रपला जात राहिले. त्या वर्षीच्या ईस्टरला पाळकसाहेबांनी भाकर मोडली तेव्हा तुळशी बाकावरून उठली, गोदूबाईला धरून पुढं आली, आणि इतरांबरोबर रांगेत उभी राहिली.